राजघराण्यातले लग्नाचे केक: तुलना कशी करायची, चव कशी ओळखायची

रिसेप्शनच्या केकची ऑर्डर द्यायला येणारे बरेच जण बोलायच्या आधी मोबाइल पुढे करतात. फोटोत हमखास राजवाड्यातला केक असतो. कधी केट-विल्यमचा पांढराशुभ्र, फुलापानांनी मढवलेला. कधी मेगन-हॅरीचा, सोनेरी स्टँडवर ठेवलेला, खऱ्या फुलांचा. पुढचं वाक्यही ठरलेलं: "असाच हवा, पण आतून चॉकलेट, आणि एगलेस."

हौसेला माझी हरकत नाही. अडचण एवढीच, की हे दोन केक दिसायला चुलत बहिणी वाटले तरी स्वभावाने अगदी वेगळे आहेत. एक वर्षभर सहज राहील, दुसरा दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्येसुद्धा रया घालवेल. या केकांची तुलना करताना लोक आधी उंची बघतात, मग सजावट आणि सगळ्यात शेवटी चव. मी उलटीकडून सुरुवात करायला सांगते. केकला पहिला प्रश्न विचारायचा: तुला किती दिवस टिकायचंय? उत्तर मिळालं की आवरण कोणतं, मजले कसे उभे आहेत, फुलं साखरेची का खरी, हे बहुतेक सगळं आपोआप उलगडत जातं.

त्याआधी दोन शब्द वेगळे करून घ्या, नाहीतर बेकरीवाल्याशी बोलताना गोंधळ उडतो. 'टियर' म्हणजे बाहेरून दिसणारा मजला. 'लेयर' म्हणजे एकाच मजल्याच्या पोटातले केक आणि क्रीमचे थर. तीन टियरच्या केकात प्रत्येक टियरला चार लेयर असू शकतात.

पहिली पायरी: टिकणारा की ताजा?

इंग्लंडच्या राजघराण्यात लग्नाचा केक म्हणजे फ्रुट केक, ही पद्धत खूप जुनी. काळे-पिवळे बेदाणे, चेरी, संत्र्याची पाकवलेली साल, बदाम, मसाले आणि ब्रँडी किंवा रम. आपल्याकडचा ख्रिसमसचा प्लम केक याच घराण्यातला, फक्त बेकरीतल्या स्वस्त केकात बेदाण्यांची जागा टुटी-फ्रुटीने घेतलेली असते, आणि टुटी-फ्रुटी म्हणजे कच्ची पपई. त्या केकावरून राजवाड्यातल्या फ्रुट केकाची कल्पना करू नका. खऱ्या फ्रुट केकात पिठापेक्षा फळं कितीतरी जास्त असतात, पीठ फक्त फळांना धरून ठेवण्यापुरतं.

तो टिकतो कसा? मोरावळा टिकतो तसाच. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला लागणारं मोकळं पाणीच उरत नाही. वर दारू आहे, शिवाय मंद आंचेवर तासन् तास भाजून बरीचशी ओल गेलेली असते. म्हणून हा केक लग्नाच्या कितीतरी आधी करून ठेवता यायचा आणि लग्नानंतर त्याचे तुकडे डब्यांत घालून दूरदूरच्या लोकांना पाठवता यायचे. १० फेब्रुवारी १८४० ला राणी व्हिक्टोरियाचं अल्बर्टशी लग्न झालं, त्या केकाचे तुकडे आजही जपून ठेवलेले आहेत. खायला नव्हे, बघायला.

याच टिकाऊपणामुळे वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवायची रीत पडली. विल्यम आणि केट यांचं लग्न २९ एप्रिल २०११ ला झालं. त्यांच्या थोरल्या मुलाचा, जॉर्जचा बाप्तिस्मा झाला ऑक्टोबर २०१३ मध्ये. म्हणजे अडीच वर्षांनी लग्नाचाच केक पाहुण्यांपुढे आला. आपल्याकडे बारशाला लग्नातले लाडू काढले तर काय होईल याचा विचार न केलेला बरा.

फ्रुट केकातलं सगळ्यात बोलकं उदाहरण माझ्या मते १९४७ चं. एलिझाबेथ आणि फिलिप यांचं लग्न २० नोव्हेंबरला, आणि महायुद्ध संपून दोन वर्षं झाली तरी ब्रिटनमध्ये साखर रेशनवरच होती. मॅक्व्हिटी अँड प्राइस या बिस्किटवाल्या कंपनीने चार मजली, नऊ फूट उंच केक केला. वजन सुमारे ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या पुढे. सामान समुद्रापलीकडून भेट म्हणून आलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवलेला शिधा त्यात होता. त्यावरून 'दहा हजार मैलांचा केक' असं त्याचं नावच पडलं. एवढ्या लांबून येऊनही शाबूत राहील असं सामान म्हणजे सुकी फळं, साखर आणि रम. ताजं क्रीम आणि ताजी फळं वापरून हा केक तेव्हा झालाच नसता.

दुसरं घराणं ताज्या केकांचं. ते राजवाड्यात एकाच वर्षात दोनदा ठळकपणे दिसलं. १९ मे २०१८ ला हॅरी-मेगनच्या लग्नात लिंबू आणि एल्डरफ्लॉवरचा (युरोपातल्या एका झुडपाची सुवासिक पांढरी फुलं) केक होता. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला राणी एलिझाबेथची नात युजिनी आणि जॅक ब्रुक्सबँक यांच्या लग्नात पाच मजली रेड व्हेल्वेट आणि चॉकलेट. दोन्ही लग्नं विंडसरला झाली आणि दोन्हीकडे फ्रुट केकाला सुट्टी मिळाली. रेड व्हेल्वेटबद्दल फार सांगत नाही. आता गल्लीतल्या दुकानातही मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी तो चवीने कमी, रंगानेच जास्त असतो.

दुसरी पायरी: आवरण बघून आतलं ओळखा

फोटोत केकाचा आतला भाग दिसत नाही, पण आवरण बरंच सांगून जातं.

फ्रुट केकावर आधी मार्झिपान लागतं, म्हणजे बदाम आणि साखर वाटून केलेली पोळी. ती चवीसाठी असतेच, पण तिचं खरं काम पडद्याचं. फळांचा तपकिरी रस आणि तूपटपणा बाहेर येऊन वरच्या पांढऱ्या आवरणावर डाग पडू नयेत म्हणून ती मध्ये लावतात. गोव्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत बदामाऐवजी काजूचं मार्झिपान करतात. काजूकतलीशी त्याचं नातं जवळचं, त्यामुळे आपल्या जिभेला ते लगेच ओळखीचं वाटतं.

मार्झिपानवर रॉयल आयसिंग. अंड्याचा पांढरा भाग, पिठीसाखर, थोडा लिंबाचा रस. ओलं असताना मऊ, वाळलं की बत्ताशासारखं कडक. अगदी दगड होऊ नये म्हणून त्यात जरासं ग्लिसरीन घालतात. पायपिंग बॅगेतून याच आयसिंगच्या जाळ्या, झालरी, वेलबुट्टी काढतात आणि ती महिनोन् महिने तशीच राहते. संक्रांतीचे हलव्याचे दागिने आठवा. साखर वाळून कडक झाली की नाजूक कामसुद्धा जपून ठेवता येतं.

२०११ च्या केकावर लॅम्बेथ पद्धतीचं पायपिंग होतं: एका रेषेवर दुसरी, तिच्यावर तिसरी, असं करत नक्षीला उठाव आणायचा. हल्ली पुण्या-मुंबईत 'व्हिंटेज केक' म्हणून जे झालरीदार केक मिळतात, ते याच पद्धतीचे. फरक इतकाच की ते क्रीममध्ये काढलेले असतात, म्हणून दोन तासांत झालर बसते.

२०१८ च्या हॅरी-मेगन केकावर होतं स्विस मरँग बटरक्रीम. अंड्याचा पांढरा आणि साखर गरम पाण्याच्या वाफेवर फेटायचं, मग त्यात लोणी. चव रेशमी, गोडवा बेताचा. पण ते शेवटी लोणीच.

फोटोत फरक ओळखायची माझी खूण म्हणजे कडा. कडा करकरीत आणि पृष्ठभाग चिनीमातीसारखा कोरडा असेल तर रॉयल आयसिंग. कडा गोलसर आणि वरून चादर ओढल्यासारखा सपाट गुळगुळीतपणा असेल तर फोंडंट, म्हणजे लाटून पांघरलेली साखरेची मऊ पोळी. चाकूचे किंवा पट्टीचे हलके फटकारे दिसत असतील तर बटरक्रीम. नेहमीच बरोबर ठरते असं नाही, पण बहुतेक वेळा ठरते.

शाकाहारी पाहुण्यांसाठी एक लक्षात ठेवा. केक एगलेस करून उपयोग नाही, आवरणातही अंडं असू शकतं. रॉयल आयसिंग आणि मरँग बटरक्रीम दोन्हींत ते असतंच, आणि दुकानातल्या मरँग पावडरीतही ते अंड्याचंच असतं.

तिसरी पायरी: उंची कुठून आली ते शोधा

व्हिक्टोरियाचा १८४० चा केक उंच नव्हताच. वजन जवळजवळ ३०० पौंड, घेर तीन यार्ड म्हणजे नऊ फूट, पण तो एकच जाडजूड चक्का. उंची होती ती वरच्या साखरेच्या पुतळ्यांची.

तिची थोरली मुलगी १८५८ मध्ये प्रशियाच्या (जर्मनीतलं तेव्हाचं राज्य) राजपुत्राला दिली. त्या लग्नातला केक माणसाहून उंच होता, पण खाण्याजोगा केक फक्त तळाचा. वरचे मजले साखरेचे, शोभेचे. आपल्या रुखवताची आठवण येते ना? बघायला मांडायचं, लोकांनी वाखाणायचं. सगळेच्या सगळे मजले खऱ्या केकाचे असलेला पहिला शाही केक म्हणून व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड याच्या १८८२ च्या लग्नाचं नाव सहसा घेतलं जातं.

मधल्या काळात लोकांना मजले एकावर एक ठेवायला जमत का नव्हतं? कारण साधं आहे: वरचा केक खालच्याला दाबतो, आयसिंग फुटतं, मजला कलतो. त्यावर उपाय म्हणजे कडक वाळलेलं रॉयल आयसिंग, मधले खांब आणि खालच्या केकात खुपसलेल्या दांड्या, ज्यांना आपण आज डॉवेल म्हणतो. वजन केकावर पडत नाही, दांड्यांवरून तळाच्या पाटापर्यंत जातं. १९४७ चा नऊ फुटी केक अशा खांबांवर उभा होता. तो कापायला फिलिपने आपली तलवार वापरली.

१९८१ च्या चार्ल्स-डायनाच्या केकाची गोष्ट मला बेकर म्हणून फार आवडते. रॉयल नेव्हीच्या बेकरांनी तो केला, चौदा आठवडे लागले. उंची सुमारे पाच फूट, वजन २२५ पौंड. आणि त्यांनी हुबेहूब तसाच दुसरा केक करून ठेवला होता, पहिल्याला नेताना काही झालं तर म्हणून! ज्यांनी तीन टियरचा केक ओला टॅक्सीच्या मागच्या सीटवर मांडीत धरून सिंहगड रोडचे खड्डे पार केलेत, त्यांना यातलं शहाणपण समजावून सांगावं लागणार नाही.

२०११ चा केक आठ मजली. लेस्टरशरच्या फियोना केर्न्स यांनी तो केला. एकूण १७ वेगवेगळे फ्रुट केक जोडून तो उभा राहिला, त्यातले बारा एकट्या तळाच्या भागात. म्हणजे तळाचा भलामोठा मजला एका साच्यात भाजलेला नव्हता. लहान केक एकमेकांना लावून, वरून आयसिंगने एकसंध केला होता. नवशिक्यांनी इथून उचलण्याजोगी युक्ती हीच. घरच्या ओव्हनमध्ये चौदा इंची टिन मावत नसेल तर चार लहान चौकोनी केक भाजा आणि जोडा.

आणि हॅरी-मेगनचा? त्यांनी मनोरा बांधलाच नाही. केक वेगवेगळ्या उंचीच्या सोनेरी स्टँडवर वेगवेगळे मांडले. काहींना ते फारच साधं वाटलं. मला ते शहाणपणाचं वाटतं. मऊ लिंबाचा केक, आत पातळसर लेमन कर्ड (दही नव्हे, लिंबाचा रस, अंडं, साखर आणि लोणी आटवून केलेलं) आणि बाहेर लोणी, अशा केकावर चार मजले चढवण्यापेक्षा त्याला आपल्या पायावर उभं राहू दिलेलं बरं. मे महिन्यातल्या एका दुपारी डेक्कनवरच्या कार्यालयात माझा दोन टियरचा बटरक्रीम केक हळूहळू वाकत गेलेला मी पाहिलाय. लाइट गेले होते आणि स्टेजवरच्या फुलांच्या कमानीला सगळे टेकून फोटो काढत होते. तेव्हापासून उन्हाळ्यात बटरक्रीमला मी मजला चढवत नाही.

इंग्लंडबाहेर उंचीचे वेगळेच मार्ग आहेत. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये लग्नाला क्रान्सेकाके असतो: बदाम, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याच्या कड्या भाजून मोठीवर लहान अशा रचत नेलेला सुळका. फ्रान्समध्ये क्रोकांबूश, म्हणजे क्रीम भरलेल्या छोट्या पोकळ गोळ्या साखरेच्या पाकाने चिकटवून केलेली रास. दोन्हींत कापाकापी नाही, तोडून खायचं.

चौथी पायरी: नक्षी वाचा

ही पायरी चवीची नाही, पण गमतीची आहे. व्हिक्टोरियाच्या केकावर ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप, रोमन वेशातल्या नवदांपत्याला आशीर्वाद देत होती, अल्बर्टच्या पायाशी निष्ठेचं प्रतीक म्हणून कुत्रा. १९४७ च्या केकावर दोन्ही घराण्यांची चिन्हं. म्हणजे केक बोलायचा तो राज्याबद्दल.

२०११ मध्ये केटने फुलांची भाषा निवडली. साखरेची सुमारे ९०० फुलं आणि पानं, सतरा प्रकारची. इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं काटेरी थिसल, वेल्सचं डॅफोडिल, आयर्लंडचं शॅमरॉक. नवऱ्याच्या नावाचं 'स्वीट विल्यम' हे फूलही होतं. केक जिथे मांडला त्या बकिंगहॅम पॅलेसच्या पिक्चर गॅलरीतल्या भिंतींवरच्या माळांची नक्षी एका मजल्यावर उतरवली होती. आपल्याकडे हेच करायचं तर देवघराच्या चौकटीवरची किंवा शालूच्या काठावरची नक्षी आयसिंगमध्ये उतरवा. महाग फुलं लावण्यापेक्षा ते जास्त आपलं दिसतं.

त्याच केकावर लिली ऑफ द व्हॅलीसुद्धा होती. ती साखरेची होती हे बरं, कारण खरं झाड विषारी आहे. इथेच नवशिके चुकतात. २०१८ चा केक बघून खरी फुलं लावायची हौस येते. त्या केकावर सुमारे १५० ताजी फुलं होती, बहुतेक पेओनी आणि गुलाब. गुलाब चालतो, पण फुलबाजारातल्या गुलाबावर फवारणी असते. घरच्या कुंडीतला घ्या. कण्हेर केकाजवळसुद्धा आणू नका, ती विषारी आहे. चाफ्याचा चीक निघतो, तोही नको. कुठलंही देठ थेट केकात खुपसू नका, आधी त्यावर टेप किंवा स्ट्रॉचा तुकडा लावा.

पाचवी पायरी: तीन छोटे केक करून बघा

वाचून चव कळत नाही. सहा इंची टिन, एक शनिवार-रविवार आणि थोडी चिकाटी असेल तर तिन्ही चवी घरी येतात.

फ्रुट केक आधी करा, कारण त्याला मुरायला वेळ लागतो. ४५० ग्रॅम सुकी फळं घ्या: काळे मनुके, बेदाणे, थोडे खजूर, चेरी, संत्र्याची पाकवलेली साल. त्यावर ६० मिली रम घालून आदल्या रात्री झाकून ठेवा. दारू नको असेल तर संत्र्याचा रस, पण मग केक आठवड्यात संपवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ११० ग्रॅम लोणी आणि ११० ग्रॅम ब्राऊन शुगर फेटा, दोन अंडी एकेक करून घाला, ११० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम बदामाची पूड, चमचाभर दालचिनी-जायफळ-लवंग पूड मिसळा, शेवटी फळं. टिनला आतून बटर पेपरचे दोन थर लावा. १४० अंशांवर भाजा. अडीच तासांनी काडी घालून बघा, तीन तासही लागू शकतात. घाई केली तर बाहेरून करपतो आणि आत गिच्च राहतो. गार झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा आणि आठवड्याने काडीने भोकं पाडून एक चमचा रम पाजा. महिनाभर हेच. पहिल्या दिवशी हा केक सुटासुटा आणि मसाल्याचा झणका असलेला लागतो. महिन्याने सगळं एकजीव झालेलं असतं.

लिंबाचा केक त्याच्या बरोबर उलटा: सकाळी करा, संध्याकाळी संपवा. हॅरी-मेगनचा मूळ केक क्लेअर प्टॅक यांचा. त्या कॅलिफोर्नियात वाढल्या आणि लंडनमध्ये बेकरी चालवतात. त्या केकासाठी २०० अमाल्फी लिंबं, ५०० अंडी आणि लोणी, मैदा, साखर प्रत्येकी २० किलो लागलं. एल्डरफ्लॉवरचं सरबत सँड्रिंगहॅमच्या राजेशाही बागेतलं. आपल्याला तेवढं नको. ११५ ग्रॅम लोणी, तितकीच साखर, तितकाच मैदा, दोन अंडी, चमचाभर बेकिंग पावडर, लिंबाची साल किसून आणि दोन चमचे दूध. १७० अंशांवर अर्धा तास.

इथे एक अडचण आहे. अमाल्फीचं लिंबू मोठं, जाड सालीचं, सुवासिक. आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं आणि जहाल आंबट. त्याची साल जोरात किसली तर खालचा पांढरा भाग येऊन कडू होतं. म्हणून साल हलक्या हाताने, आणि रस कमी. बाजारात महाळुंग दिसलं तर सोडू नका. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ. त्याच्या सालीचा वास इटलीतल्या लिंबाला जास्त जवळचा आहे.

मधल्या थराला लेमन कर्ड. एक अंडं, दोन पिवळे बलक, ८० ग्रॅम साखर, ५० मिली रस आणि चमचाभर पाणी मंद वाफेवर ढवळत राहा. चमच्याच्या पाठीला चिकटायला लागलं की उतरवून ४५ ग्रॅम लोणी घाला. उकळी आली तर अंड्याची भुर्जी होईल. उरलेले दोन पांढरे भाग आणि १२० ग्रॅम साखर वाफेवर हलवा, बोटाला साखरेचा कण लागेनासा होईपर्यंत आणि मिश्रण चांगलं चटका देण्याइतकं गरम होईपर्यंत. मग उतरवून ते घट्ट आणि पूर्ण गार होईस्तोवर फेटा, आणि १७० ग्रॅम मऊ लोणी थोडंथोडं घाला. मध्येच फाटल्यासारखं दिसेल. घाबरू नका, फेटत राहा, येतं. अगदी पातळ झालं तर वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा.

एल्डरफ्लॉवरचं सरबत परदेशी माल ठेवणाऱ्या दुकानांत कधीकधी मिळतं. नाही मिळालं तर लिचीच्या रसाचे दोन-तीन चमचे केकावर शिंपडा. वास तोच नव्हे, पण त्या दिशेचा. गुलाबपाणी घालू नका, लगेच रसमलाई केकाच्या वाटेला जातो.

तिसरा तर भाजायचाही नाही. २०११ मध्ये फ्रुट केकाच्या शेजारी विल्यमच्या आवडीचा चॉकलेट बिस्कीट केक होता. मॅक्व्हिटीने तो १,७०० रिच टी बिस्किटं आणि १७ किलो चॉकलेट वापरून केला. रिच टीच्या जागी आपलं मारी बिस्कीट उत्तम. आणि योगायोग बघा: चहात बुडवून आपण जे मारी खातो, ते लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने १८७४ मध्ये रशियन राजकन्या मारिया आणि व्हिक्टोरियाचा मुलगा आल्फ्रेड यांच्या लग्नानिमित्त काढलं होतं. म्हणजे राजघराण्यातल्या लग्नाचा खाऊ आपल्या घरी कधीपासूनच आहे, पत्र्याच्या डब्यात, शंकरपाळ्यांच्या शेजारी.

२०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क वाफेवर वितळवा. २२५ ग्रॅम मारी हाताने तोडून घाला, बदामाएवढे तुकडे. पूड केली तर खाताना मजा जाते. टिनमध्ये दाबून चार तास फ्रिजमध्ये. यात अंडं नाही, त्यामुळे "एगलेस आणि चॉकलेट" म्हणणाऱ्यांना मी हाच केक सुचवते. खराखुरा शाही, आणि दोन्ही अटींत बसणारा. गरमीत मात्र शेवटपर्यंत फ्रिजमध्येच ठेवा.

सहावी पायरी: चाखताना

क्रम महत्त्वाचा. लिंबाचा आधी, चॉकलेटचा मध्ये, फ्रुट केक शेवटी. उलट केलंत तर रम आणि लवंगेपुढे लिंबाचा केक फिक्का वाटेल आणि त्याच्यावर अन्याय होईल. मध्ये कोमट पाणी किंवा बिनसाखरेचा चहा.

तिन्ही केक खोलीच्या तापमानाला चाखा, चॉकलेटचा सोडून. बटरक्रीम गार असताना मेणासारखं लागतं आणि मग लोक म्हणतात बटरक्रीम आवडत नाही. काप सारखे नकोत: लिंबाचा नेहमीसारखा, फ्रुट केकाचा बोटभर. इंग्रजी लग्नांत फ्रुट केकाचे इवलेसे चौकोन वाटतात ते कंजूषपणा म्हणून नव्हे. तो केक तेवढाच खायचा असतो.

खाताना प्रत्येक केकाबद्दल तीन गोष्टी लिहा. पहिला वास कशाचा आला, दाताखाली काय झालं, आणि गिळल्यावर तोंडात काय उरलं. गोडवा किती हे लिहू नका. सगळेच गोड असतात आणि तिथेच चर्चा अडकते.

घरातल्या थोरांना हमखास फ्रुट केक आवडतो, मुलांना चॉकलेटचा. लिंबाचा केक कोणाला आवडेल हे मला अजून आधी ओळखता आलेलं नाही.

ऑर्डर द्यायची वेळ आली तर

बेकरला फोटो दाखवा, पण पाठोपाठ हेही सांगा: लग्न कोणत्या महिन्यात, कार्यालयात एसी आहे की नाही, केक किती वाजता मांडणार आणि किती वाजता कापणार. मे महिना, उघडं लॉन आणि तीन तासांचं रिसेप्शन असेल तर बटरक्रीमचा हट्ट सोडा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत रॉयल आयसिंगची नाजूक जाळी मागू नका, दमट हवेत ती ओल धरून मऊ पडते. उंची हवी पण पाहुणे शंभरच असतील तर वरचे मजले थर्माकोलचे करून घ्यायला लाजू नका. १८५८ मध्ये राजकन्येच्या लग्नात तेच केलं होतं, फक्त साखरेत.

आणि फ्रुट केकाचा एक तुकडा जपायचा असेल तर: मार्झिपान आणि आयसिंग काढून टाका, बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा, वरून फॉइल, मग झाकणाचा पत्र्याचा डबा. कोरडी, अंधारी जागा. दर महिन्याला उघडून एक चमचा रम. डब्यावर तारीख लिहून ठेवा, आणि घरात मुंग्या असतील तर डबा पाण्याच्या परातीत.